पावसाळ्यातली कातडी आणि केस

श्रोतेहो, नमस्कार. जूनमध्ये लोकलमधून दादरला उतरलेल्या माणसाचा सदरा पाठीला चिकटलेला असतो, कारण मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही. एक लिटर घाम उडून गेला की शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नुसता ओघळला, तर थंडावा जवळपास शून्य.

हा घाम अंतस्त्वचेतल्या २० ते ४० लाख घर्मग्रंथींत तयार होतो. त्यांच्या नळ्या बाह्यत्वचेतून नागमोडी वर येतात. बाह्यत्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा, मधल्या फटींत चरबीचा गिलावा. बहुतेक अंगावर हा थर कागदाहूनही पातळ असतो. तो सतत ओला राहिला की फुगतो, नळीचं तोंड बुजतं आणि आत अडकलेल्या घामाचं घामोळं होतं. त्यावर पावडर थापणं म्हणजे तुंबलेल्या मोरीत माती टाकणं. गार पाण्यानं आंघोळ करा, अंग घासू नका, टिपा. सैल सुती कपडा घाला आणि पंख्याखाली बसा.

पायांच्या चिखल्याही याच ओलीच्या. बहुधा करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात सुरू होतात. घरी आल्यावर एकेक बेचकं वेगळं करून पुसा. ओले बूट दुसऱ्या दिवशी पुन्हा चढवू नका.

जांघेतल्या नायट्याला मात्र दुकानातून स्वतःच आणलेली स्टेरॉइडमिश्रित ट्यूब लावू नका. खाज दोन दिवसांत थांबते, म्हणूनच ती फसवी. बुरशी पसरत राहते, कातडी पातळ होते. डॉक्टरांनी दिलेलं बुरशीचं मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावा, आणि चट्टा गेल्यावरही दोन आठवडे.

आता केस. डोक्यावर सुमारे १ लाख असतात. प्रत्येक केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर या वेगानं दोन ते सहा वर्षं वाढतो, तीनेक महिने थांबतो आणि गळतो. रोज ५० ते १०० गेले तर बिघडत नाही. कंगव्यातल्या केसाच्या टोकाची पांढरी गाठ पाहून ‘मुळासकट गेला’ म्हणतात. केस उगवतो ती पिशवी टाळूतच असते.

ऑगस्टमध्ये डेंगू किंवा मलेरियाचा ताप येऊन गेला, की ऑक्टोबर-नोव्हेंबरात मूठमूठ केस गळू लागतात आणि बिचारा शाम्पू बदलला जातो. तापाच्या धक्क्यानं बरेच केस एकदम विश्रांतीत गेलेले असतात; बहुतेकांचे काही महिन्यांत परत येतात. गुळगुळीत गोल चट्टा पडला असेल, तर ती चाई. तिथं तेल चोळत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. नमस्कार.