मेणाची दाढ
(माहितीपटाचं निवेदन)

(दृश्य: मेणाचा ठोकळा, कोरणी, दोन हात)

हा मेणाचा ठोकळा. यातून एक दाढ बाहेर यायची आहे. खालची, डावीकडची, पहिली मोठी दाढ. लॅबमध्ये तिला म्हणतात तीन-सहा. छत्तीस नव्हे. तीन म्हणजे तोंडाचा खालचा डावा भाग, आणि सहा म्हणजे मधल्या रेषेपासून मोजत गेलं की सहावा दात.

हिच्या माथ्यावर पाच टोकं असतात. तीन गालाच्या बाजूला, दोन जिभेच्या. मधल्या खाचांमध्ये घास चिरडला जातो आणि तिथूनच बाहेर सरकतो. खाच उथळ राहिली तर दाढ नुसती दाबते, चावत नाही. हे वाचून कळतं, पण हाताला कळायला वेळ लागतो. ही मुलगी डेंटल टेक्निशियनचं, म्हणजे दातांवर बसणाऱ्या कॅप लॅबमध्ये घडवण्याचं, प्रशिक्षण घेते आहे. आत्ता तिच्याकडून जिभेकडचं एक टोक जास्त कापलं गेलं. दिव्यावर हत्यार तापवलं, मेणाचा थेंब सोडला, निवू दिला. पुन्हा कोरणी.

दातांच्या क्षेत्रात यायचं म्हणजे डॉक्टरच व्हायचं, असं घराघरात धरून चालतात. आणि हे शिक्षण? नंबर लागला नाही म्हणून घेतलेलं. तसं समजणाऱ्यांनी हे हात पाहावेत.

(दृश्य: माप, प्लास्टर, व्हायब्रेटर)

दवाखान्यातून माप आलं आहे. सिलिकॉनचं, रबरासारखं. यात दात उलटा उमटलेला असतो. प्लास्टर एका कडेने, थोडं थोडं सोडायचं. खाली व्हायब्रेटर थरथरतो आहे तो बुडबुडे वर यावेत म्हणून. दाताच्या कडेवर टाचणीच्या टोकाएवढा बुडबुडा राहिला, तरी कॅप नीट बसत नाही.

प्लास्टरची प्रतिकृती तयार झाली की कॅप लागणारा दात तेवढा कापून सुटा करतात. त्याला डाय म्हणतात. डायवर मेणाची कॅप चढते, आणि कडेला ती दाताशी अशी मिळायला हवी की नख फिरवलं तरी अडकू नये. ही कड म्हणजे मार्जिन.

"सर, मार्जिन बघता?"

"भिंगाखाली धर."

(दृश्य: भट्टी, ओतकाम)

मेणाची कॅप आता एका खास मिश्रणात पुरली जाते. भट्टीत मेण जळून जातं, आत त्याच आकाराची पोकळी उरते. तिच्यात वितळलेला धातू जातो. मूर्ती ओतणाऱ्या कारागिरांची ही फार जुनी विद्या. १९०७ साली अमेरिकी दंतवैद्य विल्यम टॅगार्ट यांनी ती दातांच्या कामात रूढ केली. धातू थंड होताना आक्रसतो, म्हणून भोवतीचं मिश्रण तापून तेवढंच फुगावं लागतं. पाणी किती, पावडर किती, भट्टी कधी चढवायची, सगळं त्या हिशेबाने.

आता धातू लाल होतो आहे. यंत्र फिरतं, आणि धातू पोकळीत फेकला जातो.

(दृश्य: ब्रश, पोर्सिलेन)

धातूचा काळेपणा झाकायला आधी एक अपारदर्शक थर. वर दाताच्या आतल्या रंगाचा, आणि टोकांकडे जवळजवळ पारदर्शक. पोर्सिलेनची ओली पावडर ब्रशने रचायची, टिश्यूने पाणी टिपायचं. भाजल्यावर हे सगळं लहान होतं, म्हणून सर दाढ मुद्दाम मोठी रचत आहेत. किती मोठी, ते त्यांची नजर ठरवते.

पलीकडच्या खोलीत हीच दाढ पडद्यावर फिरते आहे. झिर्कोनिया या सिरॅमिकचा पांढरा, खडूसारखा ठोकळा यंत्र कोरतं. मग तो सुमारे १५०० अंश सेल्सिअसला भाजतात, आणि तो साधारण एक-पंचमांशाने आक्रसतो. मेण गेलं, दिवा गेला. पण पडद्यावरची खाच उथळ आहे हे ज्याच्या लक्षात आलं, त्याने मेणाच्या कितीतरी दाढा कोरलेल्या आहेत.

(दृश्य: जुनं छायाचित्र)

दंतवैद्यकाला कॉलेजं मिळाली ती उशिरा. पहिलं दंतमहाविद्यालय १८४० चं, अमेरिकेत बाल्टिमोरला. तोवर, आणि नंतरही बरीच वर्षं, दंतवैद्य तयार व्हायचे ते उमेदवारी करून. या ल्युसी हॉब्स. बाई म्हणून कॉलेजने दार लावलं, तेव्हा त्या एका दंतवैद्याच्या हाताखाली शिकल्या. १८६१ साली स्वतःचा दवाखाना काढला. दंतवैद्यकाची पदवी घेणारी पहिली स्त्री म्हणून त्यांची नोंद झाली १८६६ साली. काम आधी, कागद नंतर.

आज तसं होत नाही. डॉक्टर व्हायचं तर पदवी हवीच, तिचा प्रवेश वेगळा, खर्च वेगळा, आणि या बाकावरून तिथवर पोचणारे थोडेच. बाकीच्यांसाठी पुढे सिरॅमिकचं काम असतं, संगणकावरचं डिझाइन असतं, शिकवणं असतं, कुणाची स्वतःची लॅब. घासकामाची बारीक धूळ छातीत जाते. मास्क आणि धूळ ओढणारं यंत्र लागतंच.

(दृश्य: दवाखान्यातली खुर्ची)

टेक्निशियनला पेशंटचा चेहरा सहसा दिसत नाही. दिसतं ते माप आणि सोबतची चिठ्ठी. आज डॉक्टरांनी तिला खुर्चीजवळ बोलावलं आहे.

कॅप बसवली. मध्ये निळा कागद.

"चावा. उघडा. बाजूला सरकवून चावा."

जिथे दात आधी भिडतो तिथे निळा ठिपका उमटतो. एक ठिपका जरा गडद आहे. डॉक्टर आरसा तिरका धरतात, तिला दिसेल असा.