आओमोरी ते उएनो : पंधराव्या वर्षीची नोकरी

(दृश्य : आओमोरी स्थानक, जुनी कृष्णधवल चित्रफीत. फलाटावर निरोप द्यायला आलेली माणसं.)

5 एप्रिल 1954. जपानच्या होन्शू बेटाचं उत्तर टोक. दुपारी 3 वाजून 33 मिनिटांनी आओमोरीहून एक खास गाडी सुटली. डब्यांत पंधरा-पंधरा वर्षांची पोरं. शाळा नुकतीच संपलेली, अंगावर गणवेश मात्र शाळेचाच. सोबत शिक्षक. उतरायचं टोकियोच्या उएनो स्थानकात आणि तिथून ज्यानं-त्यानं आपापल्या मालकामागं चालू लागायचं.

अशा गाड्या 1975 पर्यंत धावत होत्या. दक्षिणेकडच्या क्युशूतून त्या ओसाका आणि नागोयाकडे जात.

तोहोकू म्हणजे होन्शूचा उत्तर भाग. तिथली शेती लहान, हिवाळा बर्फाचा. घर-जमीन थोरल्याच्या वाट्याला येई, धाकट्यांनी पोटापाण्यासाठी बाहेर पडायचं. 1955 साली जपानमधली जेमतेम निम्मी मुलं पुढच्या शाळेत जात होती. शहरातल्या दुकानदारांना आणि छोट्या कारखानदारांना माणसं मिळत नव्हती. त्यांनी या मुलांना नाव दिलं, ‘सोन्याची अंडी’.

(दृश्य : रोजगार कार्यालय, टेबलांवर कागदांचे गठ्ठे.)

ताकेहिको कारिया, शिंजी सुगायामा आणि हिरोशी इशिदा या अभ्यासकांनी या भरतीचा माग काढला. ही मुलं काम शोधत शहरभर वणवण फिरली नाहीत. मालकाची मागणी सरकारी रोजगार कार्यालयात नोंदवली जाई, तिथून ती गावाकडच्या कार्यालयात आणि मग शाळेत पोचे. कोणाला कुठं धाडायचं यात शिक्षकांच्या शब्दाला वजन होतं. शाळा संपायच्या आत नोकरी पक्की होई. कोवळ्या पोरांना दलालांच्या हाती न सोडणारी ही व्यवस्था मला फार मोलाची वाटते. पण तिचा हात मालकाच्या दारापर्यंतच पोचत होता.

दाराच्या आत काय होतं? मुलगा नूडल्सच्या दुकानात लागला, तर झोपायची जागा बहुतेक वेळा दुकानाच्याच माळ्यावर. मालक चांगला निघाला तर संध्याकाळी रात्रशाळेला सोडणार; ती चार वर्षांची. दिवसभर उभ्यानं काम करून वर्गात डोळे उघडे ठेवायचे! कित्येकांची शाळा मध्येच सुटली, कित्येकांनी नोकरीही बदलली.

मुलींपैकी अनेकजणी सूतगिरण्यांत गेल्या, आइची आणि ओसाका परिसरात. पहिली पाळी पहाटे 5 ला सुरू. राहणं गिरणीच्याच वसतिगृहात, एका खोलीत अनेकजणी. पगारातले पैसे गावी जात. त्यावर धाकट्या भावंडांची शाळा चाले.

(दृश्य : सर्वेक्षणाची प्रश्नावली. लिहिणारा हात.)

या पिढीचं पुढं काय झालं? जपानमध्ये 1955 पासून दर दहा वर्षांनी सामाजिक स्तर आणि स्थित्यंतर यांचं एक राष्ट्रीय सर्वेक्षण होतं. बापाचा धंदा कोणता, तुमची पहिली नोकरी कोणती, आज काय करता, असं एकेका माणसाला विचारलं जातं. शेतकऱ्यांची मुलं मोठ्या संख्येनं कामगार झाली, हे त्यातून आकड्यांत दिसलं. मोठ्या कंपन्यांतला पगार आणि बढती छोट्या कारखान्यांत नव्हती. तिथल्या कामगाराला वर चढायची एक वाट होती : कसब शिकायचं, पैसा साठवायचा आणि स्वतःचं दुकान किंवा लेथ टाकायचं. ही वाट अनेकांनी धरली. पंधराव्या वर्षी मालकाच्या माळ्यावर झोपलेल्या माणसानं पुढं स्वतःच्या नावाची पाटी लावावी, ही मला साधी गोष्ट वाटत नाही.

पण 1955, 1965 आणि 1975 ही तिन्ही सर्वेक्षणं फक्त पुरुषांची होती. गिरणीतल्या मुली वर गेल्या, खाली आल्या की होत्या तिथंच राहिल्या, हे कुणी विचारलंच नाही. गाड्या भरभरून मुली शहरांत येत असताना त्यांची नोंद न होणं, ही या संशोधनातली फार मोठी उणीव आहे. 1985 मध्ये स्त्रियांना पहिल्यांदा प्रश्नावली मिळाली. 1954 च्या त्या गाडीनं आलेल्या मुली तोवर शेहेचाळिशीत पोचल्या होत्या.