लॅक्रॉसच्या शिबिरात काय मिळतं?

नमस्कार श्रोतेहो. उन्हाळी शिबिर म्हटलं की आपल्याकडे क्रिकेटच्या नेट्स, पोहण्याचा तलाव, फार तर एखादा गड डोळ्यांपुढे येतो. आम्ही राहतो अमेरिकेत, मेरीलंड राज्यात. इथे जून-जुलैमध्ये शाळकरी मुलगे हेल्मेट, जाड हातमोजे आणि टोकाला जाळी असलेली काठी गाडीत टाकून चार दिवस एखाद्या कॉलेजच्या वसतिगृहात राहायला जातात. खेळ लॅक्रॉस: काठीच्या जाळीत चेंडू झेलत, फेकत समोरच्या गोलात मारायचा. आमचे चिरंजीवही जाऊन आले.

खेळ मूळचा उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींचा. त्यांच्यातले होडेनोशोनी लोक आजही तो सृष्टिकर्त्याचा खेळ मानतात आणि जागतिक स्पर्धेत आपला स्वतंत्र संघ उतरवतात. १८६७ साली माँट्रियलच्या विल्यम जॉर्ज बीअर्स या दंतवैद्याने त्याला लेखी नियमांत बसवलं. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो सहा-सहा खेळाडूंच्या रूपात परततोय. शिबिरात मात्र दहा-दहांचा मैदानी खेळ शिकवतात.

मुलग्यांच्या खेळात अंगावर धडक मारायला परवानगी असते, आणि रबरी चेंडू चांगला टणक, साधारण १४५ ग्रॅमचा. तो छातीवर नेमक्या क्षणी बसला तर धडधाकट मुलाच्या हृदयाची लयही बिघडू शकते. म्हणून २०२२पासून खेळाडूंना छातीच्या संरक्षणाचं ठराविक प्रमाणपत्र असलेलंच पॅड लागतं. थोरल्या भावाचं जुनं पॅड धाकट्याला देण्याआधी त्यावरचा शिक्का बघा. आणि हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र मैदानाजवळ ठेवलंय का, हे नाव नोंदवतानाच विचारा. संकोच कसला? मुलगा आपला आहे.

पालकांचं मन खरं गुंतलेलं असतं ते दुसरीकडेच. मोठ्या कॉलेजचे प्रशिक्षक शिबिरात असतात, त्यांच्या नजरेत पोरगं भरलं की झालं, असं वाटतं. पण २०१७मध्ये नियम झाला: वरच्या गटातल्या कॉलेजांच्या प्रशिक्षकांनी अकरावीच्या वर्षातल्या १ सप्टेंबरपूर्वी कॉलेजच्या संघातल्या निवडीबद्दल मुलाशी किंवा घरच्यांशी बोलायचं नाही. शिवाय कॉलेजच्या शिबिरात जागा, वय, इयत्ता, मुलगा की मुलगी एवढंच बघून सगळ्यांना प्रवेश खुला ठेवावा लागतो. तेव्हा घरी छान छापील आमंत्रण आलं, तरी हुरळून जाऊ नका. सातवी-आठवीच्या मुलासाठी निवडीच्या आशेने पैसे भरणं मला तरी पटत नाही.

मग पाठवायचं कशाला? तर डाव्या हातासाठी! उजव्या हाताने खेळणाऱ्याला बचावपटू बरोबर त्याच्या डाव्या बाजूला रेटतो. तिथे हात चालला नाही की चेंडू गेलाच. आमच्याकडच्या आठवड्याच्या सरावात प्रशिक्षकाला सामन्याची घाई, डाव्या हाताला वेळ कोण देणार? शिबिरात सकाळभर तेच. चेंडू भिंतीवर मारायचा, जाळीत झेलायचा, हात बदलून पुन्हा मारायचा. जमिनीवर घरंगळणारा चेंडू वाकून, पळता पळता उचलायचा. संध्याकाळी सामने, आणि रात्री खोलीत अनोळखी जोडीदार. हो, जुन्या वसतिगृहांत एसी असेलच असं नाही, चादरीबरोबर टेबलफॅन द्यायला विसरू नका.

आमचा मुलगा परत आल्यापासून गॅरेजच्या भिंतीवर रोज संध्याकाळी ठाक-ठाक चालू आहे. शेजारच्या आजींची तक्रार नाही. साडेआठनंतर तेवढं बंद कर, म्हणाल्या.

नमस्कार.