बंड शेतकऱ्यांचं, धडा घटनाकारांचा

२९ ऑगस्ट १७८६. अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्स राज्य. नॉर्थॅम्प्टनच्या कोर्टासमोर सुमारे दीड हजार माणसं ठाण मांडून उभी आहेत. आज कर्जवसुलीचा एकही दावा चालू द्यायचा नाही, कुणाच्याही जमिनीवर जप्ती येऊ द्यायची नाही.

यातले कितीतरी जण इंग्रजांशी लढून आलेले. पगार म्हणून त्यांच्या हाती पडले कागदी रोखे. घर चालवायला त्यांनी ते कवडीमोलाने विकले, सट्टेबाजांनी उचलले. पुढे राज्याने हे रोखे चढ्या दराने फेडायचं ठरवलं आणि त्यासाठी कर बसवला, तोही नाण्यांत. रोखा विकून बसलेल्या शिपायानेच आता गाय विकून सट्टेबाजाचे पैसे भरायचे. हा उघड अन्याय होता.

बंडाचा एक म्होरक्या, पेल्हॅम गावचा डॅनियल शेज त्यांच्यातलाच. बंकर हिलला लढलेला कॅप्टन. फ्रेंच सेनानी लाफायेतने त्याला तलवार भेट दिली होती. पैशांच्या ओढाताणीत तीही विकावी लागली.

२५ जानेवारी १७८७. टोपीत हेमलॉक या सूचिपर्णी झाडाची डहाळी खोचून बंडखोर स्प्रिंगफिल्डच्या शस्त्रागारावर चालून गेले. तोफा सुटल्या. चार जण पडले, बाकीचे पांगले. केंद्राची तिजोरी रिकामी, काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, कर लावायचा अधिकारच नाही. मग बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून फौज उभी केली. हिमवादळात रात्रभर चालून तिने ४ फेब्रुवारीच्या सकाळी पीटरशॅमला बंडखोरांना गाठलं.

माउंट व्हर्नन या आपल्या मळ्यावर निवृत्त झालेले जॉर्ज वॉशिंग्टन या बातम्यांनी अस्वस्थ झाले. मे महिन्यात ते फिलाडेल्फियाला गेले, घटना परिषदेचे अध्यक्ष झाले. नव्या घटनेमागे हे एकच कारण नव्हतं, पण बंडाची धास्ती त्या सभागृहात होती. काँग्रेसला कर लावायचा आणि बंड मोडायला मिलिशिया, म्हणजे राज्यांची नागरी फौज, बोलावायचा अधिकार मिळाला. राज्यांना कागदी चलन काढायला मनाई झाली. कर्जात बुडालेले शेतकरी तर तेच चलन मागत होते!

मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी मात्र बंड मोडणाऱ्या गव्हर्नर बोडन यांना पाडलं. नव्या विधिमंडळाने कराचा बोजा हलका केला. १७८८ मध्ये शेजला माफी मिळाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत राज्याने घटनेला मान्यता दिली, १८७ विरुद्ध १६८ मतांनी. विरोधातली बरीच मतं बंडाच्या पट्ट्यातल्या गावांची होती.