आर्किटेक्चरचं दुसरं वर्ष: जिना, ऊन आणि बाल्कनी

श्रोतेहो, नमस्कार.

ज्यांच्या घरात आर्किटेक्चरला जाणारा मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांना रात्री दोन वाजेपर्यंत जळणारा दिवा नवा नाही. जेवायच्या टेबलावर बटर पेपरच्या गुंडाळ्या, कोपऱ्यात माउंटबोर्डचे तुकडे, आणि विचारलं की एकच उत्तर: सबमिशन आहे. आज सेकंड इयरला हे विद्यार्थी नेमकं काय शिकतात ते जरा जवळून पाहू.

हा अभ्यासक्रम पाच वर्षांचा, म्हणजे दहा सेमिस्टरचा असतो. पहिल्या वर्षी रेषा, आकार, प्रमाण, विटांचं बांधकाम अशी ओळख होते. दुसऱ्या वर्षी हातात प्रत्यक्ष इमारत येते, बहुधा छोटी: एखादं घर, बालवाडी, गावातलं वाचनालय. विद्यापीठ बदललं की विषयांची नावं थोडी बदलतात, पण गाभा तोच राहतो: डिझाइन स्टुडिओ, बांधकाम आणि साहित्य, स्ट्रक्चर्स, हवामान, सर्व्हेइंग, वास्तुकलेचा इतिहास, पाणी आणि ड्रेनेज. हे सगळे विषय एकत्र येतात ते सेक्शनमध्ये. सेक्शन म्हणजे इमारत वरून खाली सुरीने कापल्यासारखी दाखवणारं चित्र. प्लॅनमध्ये, म्हणजे वरून पाहिल्यासारख्या नकाशात, खूप काही झाकून नेता येतं, सेक्शनमध्ये काहीच झाकता येत नाही. म्हणून दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने प्लॅन पुरता व्हायच्या आधीच सेक्शन काढायला घ्यावा, असं आमचं ठाम मत आहे.

सुरुवात पुष्कळदा एखाद्या गावाच्या अभ्यासाने होते. वर्ग चार-पाच दिवस कोकणात किंवा देशावरच्या एखाद्या गावात जातो आणि जुनी घरं मोजून आणतो. पडवी, ओटी, माजघर, माळा, खळं, सगळं टेपने मोजायचं आणि स्केलवर उतरवायचं. इथली पहिली चूक ठरलेली असते. विद्यार्थी भिंतीचा एकेक तुकडा मोजतात, खिडकी, मग मधली भिंत, मग दार, आणि शेवटी बेरीज करतात. प्रत्येक मोजणीत 5 मिलिमीटर चुकले तरी दहा तुकड्यांत 50 मिलिमीटर चुकू शकतात, आणि रात्री शाळेच्या वर्गात बसून चित्र काढताना भिंत भिंतीला भेटत नाही. उपाय साधा आहे. टेपचं शून्य एका कोपऱ्यात धरून ठेवायचं आणि तिथूनच पुढचे सगळे आकडे सलग वाचत जायचे. दुसरी गोष्ट कर्णांची. जुन्या घराची खोली काटकोनात असेलच असं नाही. चार भिंतींबरोबर दोन्ही कर्ण मोजले तरच तिचा खरा आकार हाती लागतो. आणि ओटीपेक्षा माजघर किती उंच हे डोळ्यांनी ठरवू नका. पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या आणि दोन्ही टोकांचं पाणी स्थिर झालं की तिथे खूण करा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पातळी खोटी येते, म्हणून आधी दोन्ही टोकं शेजारी धरून तपासा. मंगलोरी कौलांचं छप्पर असेल तर रिपांमधलं, म्हणजे कौलं ज्यांवर बसतात त्या आडव्या पट्ट्यांमधलं, अंतरही मोजा. ते साधारण 320 मिलिमीटर असतं, पण कौलाच्या आकाराप्रमाणे बदलतं. म्हणूनच नवं छप्पर काढताना आधी कौल हातात घ्यायचं आणि मग रिपा आखायच्या.

आता जिना. सेकंड इयरच्या विद्यार्थ्याची खरी परीक्षा इथे होते. श्रोतेहो, जमलं तर आज तुमच्या घरचा किंवा बिल्डिंगचा जिना मोजून बघा. पायरीची उंची दुप्पट करा आणि त्यात पाय ठेवायची रुंदी मिळवा. उत्तर 600 ते 640 मिलिमीटरच्या दरम्यान आलं तर जिना चढायला सुखाचा, कारण माणसाच्या चालीतलं पाऊल साधारण तेवढं असतं.

एक उदाहरण धरू. एका मजल्याच्या तयार फरशीपासून वरच्या तयार फरशीपर्यंत 3000 मिलिमीटर. पायरी 160 ची हवी म्हणून भाग दिला तर 18.75 पायऱ्या येतात. पाऊण पायरी बांधता येत नाही. मग विद्यार्थी अठरा पायऱ्या 160 च्या काढतो आणि उरलेले 120 मिलिमीटर शेवटच्या पायरीत ढकलतो. इथे माणूस पडतो. दोन-तीन पायऱ्या चढल्या की पायाला उंचीची सवय होते, डोळे खाली बघत नाहीत, आणि वेगळ्या उंचीची एकच पायरी ठेच लावते. म्हणून आधी पायऱ्यांची पूर्ण संख्या ठरवायची, मग उंची. 3000 ला 20 ने भागलं की 150. रुंदी 300 ठेवली की हिशोब 600, छान बसला.

वीस उंच्या दोन फ्लाइटमध्ये, म्हणजे जिन्याच्या दोन सलग टप्प्यांत, वाटल्या की प्रत्येकीत दहा. पण पाय ठेवायच्या पायऱ्या प्रत्येकीत नऊच, कारण दहावी उंची थेट लँडिंगवर, म्हणजे टप्प्याच्या शेवटच्या सपाट जागेवर, जाते. हे विसरलं की प्लॅनमध्ये दोन पायऱ्या जास्त निघतात आणि सेक्शन जुळत नाही. नऊ गुणिले 300 म्हणजे 2700. जिना एक मीटर रुंद, तर मधलं लँडिंग एक मीटर आणि वर पोहोचल्यावर उभं राहायला आणखी एक मीटर. झाले 4.7 मीटर लांब. रुंदीला दोन फ्लाइट आणि मध्ये शंभरचा गॅप, म्हणजे 2.1 मीटर. दरवर्षी पहिल्या प्लॅनमध्ये जिन्यासाठी तीन बाय दोनचा चौकोन सोडलेला असतो, आणि खरा जिना आत गेला की शेजारची झोपायची खोलीच सरकते.

याच जिन्याच्या मधल्या लँडिंगखालून घरात शिरायचा रस्ता काढायचा मोह सगळ्यांना होतो. हिशोब करा. लँडिंग 1500 वर, त्याचा स्लॅब 150 चा. खाली उरले 1350. तिथून लहान मूलच ताठ चालू शकेल. डोक्यावर 2200 तरी मोकळे हवेत. जोतं 600 उंच असेल तर लँडिंगखालची वाट बाहेरच्या जमिनीच्या पातळीवर ठेवा आणि पहिल्या फ्लाइटमध्ये बारा उंच्या घ्या, दुसरीत आठ. बारा गुणिले 150 म्हणजे 1800, वजा स्लॅब 150, अधिक जोतं 600. झाले 2250, माणूस सरळ आत येतो. मात्र पहिली फ्लाइट आता अकरा पायऱ्यांची, 3300 लांब झाली, म्हणजे प्लॅन पुन्हा काढायचा. जिना असाच दोन्ही चित्रांमध्ये मागेपुढे करत सुटतो.

साइटवर आणखी एक चूक घडते. काँक्रीटच्या पायऱ्या सारख्या ओतल्या, पण खालच्या जमिनीवर बेड, म्हणजे फरशीखालचा थर, आणि फरशी मिळून 75 मिलिमीटर चढले आणि पायऱ्यांवर 40 च. पहिली पायरी 35 मिलिमीटरने बुटकी झाली. म्हणून ड्रॉइंगमध्ये तयार फरशीची पातळी आणि काँक्रीटची पातळी वेगवेगळी लिहायची सवय याच वर्षी लावून घ्यावी.

आता ऊन. हवामान हा विषय पाठांतराचा समजला जातो याचं वाईट वाटतं, कारण त्याच्याइतका घरात रोज भेटणारा विषय दुसरा नाही. पुणं घ्या. ते साधारण 18.5 अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या एकविसाव्या तारखेला माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला सुमारे 48 अंशांवर असतो, मार्च-सप्टेंबरच्या संपाताला साधारण 71.5 अंशांवर. मेच्या मध्याला तो थेट डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणून आपण तो ओळखतो. तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. ही माध्यान्हही घड्याळातल्या बाराला नसते. भारताची वेळ पूर्वेच्या रेखांशावरून धरलेली असल्यामुळे पुण्यात ती साडेबाराच्या आसपास होते.

आता दक्षिणेची 1200 मिलिमीटर उंच खिडकी आणि तिच्या माथ्यालगत 600 चा छज्जा घ्या. सूर्य साडेत्रेसष्ट अंशांच्या वर असेपर्यंत दुपारी पूर्ण खिडकी सावलीत राहते. पुण्यात हा काळ फेब्रुवारीच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा. त्यानंतर ऊन खालच्या बाजूने आत शिरायला लागतं, म्हणजे ऑक्टोबर हीट ऐन भरात असतानाच. ते नको असेल तर छज्जा थोडा वाढवा. थंडीत कोवळं ऊन हवं असेल तर 600 पुरेसा.

पण हाच 600 चा छज्जा विद्यार्थी पश्चिमेलाही लावतात. मेच्या विसाव्या तारखेला, घड्याळात साडेपाच वाजता, पुण्यात सूर्य क्षितिजापासून साधारण 20 अंशांवर असतो, जवळजवळ समोरून येणारा. तेव्हा ती खिडकी पूर्ण झाकायला छज्जा तीन मीटरहून जास्त बाहेर काढावा लागेल. म्हणजे पश्चिमेला आडवा छज्जा कामाचा नाही. तिथे उभ्या पट्ट्या, जाळी, झाड, नाहीतर खोल व्हरांडा हवा. मुंबईच्या कंबाला हिलवरची कांचनजंगा ही वास्तुकार चार्ल्स कोरियांची 1983 साली पुरी झालेली इमारत याचसाठी अभ्यासाला घेतात. मुंबईत पश्चिमेला समुद्र, वारा, कडक ऊन आणि पावसाचा मारा सगळं एकाच बाजूला. कोरियांनी कोपऱ्यात दोन मजले उंच गच्च्या कोरल्या आणि राहायच्या खोल्या आत ओढल्या. जुन्या बंगल्याचा व्हरांडाच त्यांनी उंचावर नेला. केस स्टडी करताना नुसते फोटो चिकटवू नका. सेक्शन काढा आणि त्यावर सूर्याचे कोन टाका.

इतिहासाच्या बाबतीतही तेच सांगणं. विजापूरचा गोलघुमट 1656 चा, घुमटाचा व्यास सुमारे 44 मीटर. सनावळी लक्षात राहो न राहो, पण चौकोनी दालनावर गोल घुमट कसा बसला हे एकदा हाताने काढून पाहा. एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी कोपरे कसे भरत आणतात ते कळलं की वजन कुठून कुठे उतरतं हेही कळतं.

ड्रेनेजबद्दल एवढंच. टॉयलेट एकावर एक ठेवा आणि डक्टला, म्हणजे उभे पाइप जातात त्या मोकळ्या जागेला, चिकटवा. संडासाचं भांडं डक्टपासून तीन मीटर दूर गेलं की 100 मिलिमीटरच्या पाइपला चाळीसास एक या उताराने 75 मिलिमीटर खाली यावं लागतं. त्यात पाइपची जाडी, नहाणी ट्रॅप (मोरीच्या जाळीखालचं भांडं) आणि वरची फरशी धरली की तिथला स्लॅब 250 ते 300 मिलिमीटर बुडवावा लागतो. खाली दिवाणखाना असेल तर तो बुडवलेला भाग छतातून लोंबताना सेक्शनमध्ये लगेच दिसतो.

आणि आता स्ट्रक्चर्स. या विषयाला विद्यार्थी घाबरतात, पण एक गोष्ट जीव लावून शिकावी, ती म्हणजे बाल्कनी.

तीन मीटरचा साधा स्लॅब घ्या, दोन्ही बाजूंनी भिंतीवर टेकलेला, 125 जाड. काँक्रीटचं वजन घनमीटरला 2500 किलो, म्हणून स्लॅबचंच वजन चौरस मीटरला 312 किलो. फरशीचे 100, माणसं आणि सामान यांचे 200. सगळे मिळून 610 च्या आसपास. स्लॅबच्या मध्यावर वाकवणारा जोर, म्हणजे बेंडिंग मोमेंट, वजन गुणिले लांबीचा वर्ग भागिले आठ. एक मीटर रुंदीच्या पट्टीसाठी उत्तर सुमारे 690 किलोग्रॅम-मीटर.

आता बाहेर 1.2 मीटर काढलेली बाल्कनी, 150 जाड, एकाच बाजूने धरलेली. स्लॅब 375, फरशी 100, आणि बाल्कनीत माणसं दाटी करतात म्हणून 300. एकूण 775. दुसऱ्या टोकाला आधार नाही, म्हणून इथे लांबीच्या वर्गाला आठाने नाही, दोनानेच भागायचं. आले साधारण 560. त्यात कडेला अर्ध्या विटेची मीटरभर उंच पॅरापेट, म्हणजे कठड्याची भिंत, मीटरला सुमारे 280 किलो, तीही अगदी टोकाला. तिचे 320 मिळवले की बेरीज 880 च्या घरात जाते. म्हणजे सव्वा मीटरसुद्धा नसलेली बाल्कनी तीन मीटरच्या खोलीपेक्षा जास्त जोर मागते. पॅरापेटऐवजी हलकं लोखंडी रेलिंग घेतलं की हा जोर लगेच उतरतो.

खोलीच्या स्लॅबला मध्ये खालची बाजू ताणली जाते, म्हणून सळ्या खाली. बाल्कनी टोकाकडे झुकते, तिची वरची बाजू ताणली जाते, म्हणून मुख्य सळ्या वर, आणि त्या मागच्या स्लॅबमध्ये खोलवर नेऊन रुतवलेल्या. परीक्षेत हे सगळे बरोबर लिहितात. साइटवर मात्र काँक्रीट टाकताना घमेली घेऊन माणसं त्याच सळ्यांवरून चालतात आणि वरची जाळी दबत जाते. सळी 50 मिलिमीटर खाली बसली तर तिची कामाची खोली, म्हणजे स्लॅबच्या तळापासून सळीच्या मध्यापर्यंतचं अंतर, 125 वरून 75 वर येते आणि बाल्कनीची ताकद जवळपास चाळीस टक्के घटते. वरून फरशी बसल्यावर कुणालाही काही कळत नाही.

म्हणून साइट व्हिजिटला जाल तेव्हा स्लॅब भरायच्या दिवशी, सकाळी, काँक्रीट यायच्या आधी जा. वरच्या जाळीखाली वाकवलेल्या सळ्यांच्या चेअर दर मीटरला तरी आहेत का बघा. चालायला फळ्या टाकल्यात का बघा. मग बाल्कनी भिंतीला मिळते तिथे टेप उभी धरा आणि सेंटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, फळीपासून वरच्या सळीच्या माथ्यापर्यंत मोजा. 150 च्या स्लॅबला सळीच्या वर 20 चं कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, म्हणजे टेपवर 130 दिसले पाहिजेत. कमी दिसले तर सळ्या बांधणाऱ्या फिटरदादांना तिथेच सांगा, आणि जाळी वर उचलून खाली चेअर सरकवेपर्यंत काँक्रीट थांबवायला इंजिनियरना विनंती करा. पहिलं घमेलं पडल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा मोजा.