सोलापूरची स्वस्ताई, पुण्याचा पगार

सोलापूरच्या लक्ष्मी मंडईतली ही सकाळ आहे. मेथीच्या जुड्या, काटेरी वांगी आणि ओल्या मिरच्या आसपासच्या गावांतून पहाटेच इथे येऊन पोहोचतात, आणि पुण्याहून सुट्टीला आलेला माणूस पिशवी भरता भरता हमखास म्हणतो की आपले सोलापूर फार स्वस्त आहे. भाजीपुरते ते खरे आहे. मात्र त्याच पिशवीत पुढे पडणारे खाद्यतेल, साबण, चहापूड आणि बिस्किटे यांची छापील किंमत दोन्ही शहरांत एकच असते आणि मोबाइलच्या रिचार्जलाही शहर ठाऊक नसते. सुमारे २५० किलोमीटर अंतरावरच्या या दोन शहरांत राहणीमानाच्या खर्चाची मोठी तफावत मंडईत सापडत नाही. ती घरभाड्यात सापडते.

पुण्याच्या पेठेतली ही खोली पाहा. भिंतींना लागून चार कॉट, प्रत्येक कॉटखाली एकेक बॅग, चौघांत मिळून एकच कपाट, खिडकीच्या गजांवर वाळत टाकलेले टॉवेल आणि एका उशाशी घडी घालून ठेवलेली सोलापुरी चादर. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले इथे कॉट बेसिसवर राहतात, म्हणजे भाडे खोलीचे नसते, झोपण्यापुरत्या जागेचे असते. मेसचा डबा, अभ्यासिकेची फी आणि बसचे तिकीट हे त्यावर आणखी. नोकरी लागून हिंजवडी किंवा वाकडकडे बिऱ्हाड हलवले की अनामत रक्कम, दलालाची दलाली आणि ११ महिन्यांचा करार यांचे चक्र सुरू होते, आणि करार संपताना भाडेवाढीचा विषय निघतोच.

हा फरक सरकारनेही मान्य केलेला आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या घरभाडे भत्त्यासाठी पुणे ‘एक्स’ या सर्वांत वरच्या वर्गात आणि सोलापूर त्याखालच्या ‘वाय’ वर्गात मोडते. सातव्या वेतन आयोगानंतरच्या नियमांनुसार, महागाई भत्ता ५० टक्क्यांवर पोहोचल्यावर घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या अनुक्रमे ३० आणि २० टक्के झाला. म्हणजे ३०,००० रुपये मूळ वेतन असलेल्या कर्मचाऱ्याला घरासाठी पुण्यात ९,००० रुपये मिळतात आणि सोलापुरात ६,०००. (औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक दोन्ही शहरांसाठी वेगवेगळा निघतो, पण तो प्रत्येक शहराची तुलना त्याच शहराच्या २०१६ सालच्या किमतींशी करतो, दोन शहरांपैकी महाग कोणते, हे त्यावरून कळत नाही.)

भत्ता ज्यांना मिळतो त्यांचा हिशेब असा कागदावर मांडता येतो. आता सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू भाषक कामगारांच्या वस्तीतल्या या विड्या वळणाऱ्या बाईच्या घरात या.

तेंदूचा पत्ता भिजवून मऊ केलेला आहे. पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीने त्याचा तुकडा कापला जातो, चिमटीने तंबाखू पसरली जाते, पान बोटांत वळत वळत निमुळते होते, टोक नखाने आत दुमडले जाते आणि दोऱ्याचा फास बसतो. हे सगळे काही सेकंदांत होते. सूप मांडीवर असते, नजर चुलीवरच्या भाताकडे असते आणि तेलुगूत लेकीशी बोलणे चाललेले असते. हात मात्र थांबत नाहीत. या विड्या मोजून, जुड्या बांधून कारखान्यात द्यायच्या, तिथे वाईट ठरलेल्या विड्या बाजूला निघतात, आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने पडते. वळता वळता दुपार होते, कधी दिवे लागण होते. हात थांबले की त्या दिवसाची मजुरीही थांबते.

आमच्या मते दोन शहरांची तुलना या सुपापाशी बसून करायला हवी. भाजीची जुडी पुण्यापेक्षा स्वस्त असली, तरी ती विकत घेण्यासाठी या बाईला किती वेळ विड्या वळाव्या लागतात, हा प्रश्न कोणत्याही दरपत्रकात नसतो. यंत्रमागावर उभ्या राहणाऱ्या कामगाराचेही तसेच आहे.

त्यात पाणी. उजनी धरणाचे पाणी मिळणाऱ्या सोलापुरात वर्षानुवर्षे नळ काही दिवसांआड येत आला आहे. त्यामुळे दारात ही निळी पिंपे, गच्चीवर जास्तीची टाकी, आणि पाण्याच्या दिवशी विड्यांची बुडालेली मजुरी. हा खर्च स्वस्त शहराच्या खात्यावर कोणी लिहीत नाही. शिकलेली मुले पुण्याला जातात आणि बरीचशी तिथलीच होतात.

सोलापूरजवळच्या कुंभारीच्या माळरानावरच्या या इमारती रे नगरच्या आहेत. विडी, यंत्रमाग आणि इतर असंघटित कामगारांसाठी उभ्या राहणाऱ्या ३०,००० घरांच्या या वसाहतीतील पहिल्या १५,००० घरांचे हस्तांतरण १९ जानेवारी २०२४ रोजी झाले. पिढ्यान्‌पिढ्या भाड्याच्या खोलीत राहिलेल्या माणसांना स्वतःच्या नावाचे दार मिळाले, ही फार मोठी गोष्ट आहे. वसाहत शहराबाहेर असल्याने घरभाड्याच्या जागी आता रोजच्या प्रवासाचे भाडे आले आहे. पहाटेच्या पाळीला वेळेवर पोहोचवणारी आणि मजुराच्या खिशाला झेपणारी बस तिथून पुरेशा संख्येने सुटली पाहिजे, आणि विडीची व मागाची मजुरी ठरवणाऱ्यांनी त्या बसचे तिकीटही हिशेबात धरले पाहिजे.