तुमचा राउटर म्हणजे पीपी नंबर

बसा बसा, मागे पण जागा आहे. तर गेल्या मे महिन्यात साताऱ्याहून भाच्याचा फोन, मामा, माइनक्राफ्ट गेमचा सर्व्हर टाकलाय, घरात मस्त चालतो पण मित्रांना जॉइनच होत नाही. मी म्हटलं अरे पाच मिनिटांचं काम, राउटरच्या पानावर जा, पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये २५५६५ टीसीपी टाक, सेव्ह कर, झालं. कसलं झालं! तीन संध्याकाळी गेल्या, राउटर दोनदा रिसेट केला, बहिणीच्या शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच, आणि मी नेटवर्किंगवरच पोट भरणारा माणूस हो. जे सगळ्यात आधी बघायचं ते मी सगळ्यात शेवटी बघितलं, एवढीच चूक.

ते काय, तर त्यासाठी पीपी नंबर आठवा. चाळिशीच्या पुढच्यांना माहितीये, लहान मुलांनी आजीला विचारा. फोन जोशीकाकूंकडे आणि तो नंबर अख्ख्या वाड्याचा. तुम्ही काकूंकडे जाऊन कुणालाही फोन लावा, समोरचा बोलणार, काही अडचण नाही. पण बाहेरून फोन आला की काकूंना कळायला पाहिजे हाक कुणाला मारायची, नाहीतर त्या राँग नंबर म्हणून ठेवून देणार. राउटर हेच करतो, घरातल्या सात-आठ डिव्हाइसना बाहेरच्या जगात मिळून एकच पत्ता, याला म्हणायचं नॅट. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे काकूंना आधीच सांगून ठेवणं की २५५६५ साठी, म्हणजे माइनक्राफ्टच्या पोर्टसाठी, कुणी विचारलं तर मला हाक मारा. आणि यूपीएनपी म्हणजे गेम किंवा कन्सोल स्वतःच जाऊन काकूंना सांगून येतो. सोयीचं आहे, पण मग घरातला फालतू सीसीटीव्ही कॅमेरापण जाऊन सांगू शकतो, ते लक्षात असू द्या.

आता गंमत अशी की आपल्याकडे बऱ्याच ब्रॉडबँडवर काकूंकडेच फोन नसतो! त्यांचाच पीपी, कोपऱ्यावरच्या वाण्याकडे. आयपीव्ही४, म्हणजे इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे पत्ते, सगळे मिळून साधारण ४३० कोटी, जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले, एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिकचं रेशनिंग सुरू झालं, मग कंपन्या एकाच पत्त्यामागे भरपूर घरं बसवायला लागल्या. हे सीजीनॅट. त्यासाठी २०१२ साली एक वेगळा पट्टाच राखून ठेवला, १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत. तुम्ही काकूंना कितीही पढवा, वाण्याला तुमचं नावच माहीत नाही.

म्हणून पहिलं काम हे करा. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता, बघा, मग ब्राउझरमध्ये माझा आयपी काय म्हणून शोधा. दोन्ही एकच असले तर नशीबवान आहात, फॉरवर्डिंग चालेल. वॅन आयपी १००.६४ वगैरे निघाला तर कंपनीचा सीजीनॅट, सेटिंगशी खेळत बसू नका, फोन करून पब्लिक किंवा स्टॅटिक आयपी मागा, बहुतेक जण महिन्याला जास्तीचे पैसे लावतात, नाहीतर टेलस्केल किंवा झीरोटियर, म्हणजे आपापसात खाजगी नेटवर्क जोडणारं ॲप, सगळ्या मित्रांनी टाकायचं. आणि १९२.१६८ निघाला तर बहुतेक वेळा तुमच्याच घरात दोन राउटर एकामागे एक लागलेत, फायबरवाल्याचा डबा आणि वर तुम्ही हौसेने आणलेला. एकाला ब्रिज किंवा ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे घरात काकू एकच राहतील.

भाच्याकडे १०० वालाच पत्ता होता. पब्लिक आयपी घेतला, तरी जॉइन होईना! आता मात्र घाम फुटला. मग विचारलं, सर्व्हर पहिल्यांदा चालू केला तेव्हा विंडोजने काही विचारलं होतं का? हो, ओपनजेडीके असं काहीतरी आलेलं, व्हायरस वाटला म्हणून कॅन्सल केलं. अरे, तीच तर जावा, सर्व्हर तिच्यावरच चालतो! कॅन्सल केलं की विंडोज फायरवॉल गुपचूप ब्लॉकचा रूल बनवून ठेवतो, मग रोज तो रूल दार लावून बसतो. रूल काढला, नेटवर्क पब्लिकचं प्रायव्हेट केलं, चालू. फायरवॉल अख्खा बंद करा असं सांगणारे व्हिडिओ आहेत ना, त्यांचं ऐकू नका, आणि पीसी डीएमझेडमध्ये, म्हणजे बाहेरून सगळे पोर्ट उघडे, असा पण टाकू नका. अजून एक, पीसीचा घरातला पत्ता राउटरमध्ये रिझर्व्ह करा, नाहीतर आज .७ ला फॉरवर्ड केलं आणि उद्या पीसी .९ झाला की परत मामाला फोन.

हां, मागचे एक जण विचारतायत की व्हॅलोरंटमध्ये लॅग येतो त्याला नॅट ओपन करू का. नको. व्हॅलोरंट, सीएस२, बीजीएमआय यांत तुम्ही कंपनीच्या सर्व्हरला फोन लावता, बाहेर जाणारा फोन, काकूंना चालतो. नॅट स्ट्रिक्ट, म्हणजे बाहेरून येणारे फोन अडवणारं, असल्याचा त्रास जिथे खेळाडू थेट एकमेकांना जोडतात तिथे, जीटीए ऑनलाइन, टेकन, पार्टी चॅट. लॅगसाठी आधी राउटरलाच पिंग मारत ठेवा, म्हणजे उत्तर यायला किती वेळ लागतो ते दिसेल, तिथेच आकडे उड्या मारत असतील तर वायफाय, केबल लावा किंवा निदान ५ गिगाहर्ट्झवर या. राउटरपर्यंत ठीक आणि पुढे बाहेर उड्या, त्यापण कुणी अपलोड करताना, तर राउटरच्या रांगेत पॅकेट साचतायत. राउटरमध्ये एसक्यूएम, म्हणजे ती रांग सांभाळणारी सोय, असेल तर चालू करा आणि अपलोडची मर्यादा खऱ्या स्पीडच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवा. भाच्याकडे रात्री नऊला बरोबर हेच व्हायचं, आणि दोष सर्व्हरला. बहिणीचा फोन चार्जिंगला लागला की लग्नाचे व्हिडिओ बॅकअपला निघायचे.